किलोमीटर, महिने आणि गाडीची दिनचर्या

दसऱ्याला गाडी धुतली जाते, झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर आपट्याची पाने ठेवली जातात. ते बॉनेट उघडून आत पाहण्याची वेळ मात्र नव्या गाडीच्या मालकावर वर्षभर येत नाही. गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते, आवाज करत नाही, धूर सोडत नाही. मग इंजिन ऑइल नेमके कधी बदलायचे? गॅरेजने काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला कागद ५,००० किलोमीटर सांगतो. गाडीबरोबर आलेली पुस्तिका १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. आणि शेजारचे काका सांगतात, ‘डिपस्टिक काढून बघ, काळे झाले असेल तर बदलून टाक.’

हे तिन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येत नाहीत. उशीर केला तर इंजिन झिजते आणि दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. घाई केली तर पैसे जातातच, शिवाय दर खेपेला तीन-चार लिटर घातक काळे तेल तयार होते. ते नाहीसे होत नाही. मेकॅनिकच्या हातांवर, गटारात, नाल्यात किंवा नदीत ते कुठेतरी जातेच. म्हणून हा प्रश्न जेवढा गाडीचा आहे, तेवढाच आरोग्याचाही आहे. त्याचे उत्तर गाडी किती धावली एवढ्यावर ठरत नाही. ती कशी धावली, हेही पाहावे लागते.

ऑइल करते काय?

इंजिनातील धातूचे भाग मिनिटाला हजारो वेळा एकमेकांजवळून सरकतात. ऑइल त्यांच्यात पातळ थर धरून त्यांना एकमेकांवर घासू देत नाही. हे काम सर्वांना माहीत असते. पण ऑइल आणखी बरेच काही करते. पिस्टनची उष्णता वाहून नेते, गंजापासून बचाव करते, ज्वलनातून आलेली काजळी स्वतःत धरून ठेवते आणि तयार होणारी आम्ले निष्प्रभ करते. शरीरातील रक्ताप्रमाणे ते सतत फिरत असते आणि एकाच वेळी अनेक कामे करते.

यासाठी नुसते तेल पुरत नाही. डब्यातील ऑइलमध्ये साधारण दहा ते पंचवीस टक्के भाग पूरक रसायनांचा असतो. काही रसायने झीज रोखतात, काही मळ धुतात, काही तो मळ बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवतात, तर काही तेलाचे ऑक्सिडीकरण लांबवतात. ऑइल ‘संपते’ म्हणजे मुख्यतः ही रसायने खर्च होतात. तेल जागेवर असते, पण त्याची ताकद गेलेली असते.

ते जुने कशाने होते?

पहिले कारण उष्णता. वडे तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळपट, दाट आणि चिकट होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन मिळून तेलाचे रेणू बदलतात. इंजिनातही हेच घडते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो.

दुसरे कारण पाणी. हे अनेकांना नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटते आणि इंजिन थंड असेल तर ऑइलमध्ये थेंब होऊन बसते. त्यात ज्वलनातील वायू मिसळले की आम्ल तयार होते.

तिसरे कारण इंधन. थंड इंजिन सुरू होताना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारले जाते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते आणि ते पातळ करते. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या नव्या पेट्रोल इंजिनांत हा त्रास काहीसा अधिक असतो.

चौथे कारण काजळी आणि धूळ. काजळी आतून येते. धूळ एअर फिल्टरमधून निसटून बाहेरून येते आणि वाळूच्या कणांसारखी धातूला घासते.

या चार कारणांपैकी पाणी आणि इंधन यांच्यावर एक सोपा उपाय आहे. ऑइल पुरेसे तापले आणि काही काळ तापलेले राहिले की दोन्ही बऱ्याच अंशी उडून जातात व इंजिनाच्या वायुवीजनातून जाळले जातात. अडचण अशी, की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो आणि तो काही मिनिटांत वर येतो. ऑइल मात्र सावकाश तापते. त्याला दहा-पंधरा मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात छोटा प्रवास संपलेला असतो.

आपट्यातील दोन गाड्या

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेकाठचे गाव. शेजारी रसायनीचा औद्योगिक पट्टा, पलीकडे कर्नाळ्याचा डोंगर आणि मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल-रोहा मार्गावरचे इथले छोटे स्थानक अनेकांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटच्या प्रसंगात पाहिले आहे. या गावातील एकाच आळीत, एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन पेट्रोल गाड्या आहेत, अशी कल्पना करू.

पहिली गाडी रोज चार किलोमीटरवरच्या कारखान्यात जाते आणि संध्याकाळी परत येते. वर्षात ३०० दिवस धरले तर ती २,४०० किलोमीटर चालते आणि ६०० वेळा सुरू होते. दोन्ही वेळा इंजिन थंड असते आणि ऑइल तापण्याआधीच बंद होते.

दुसरी गाडी रोज ४० किलोमीटरवर नवी मुंबईला जाते. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला २,००० किलोमीटर. पाच महिन्यांत तिचे १०,००० किलोमीटर होतात आणि तेवढ्यात ती साधारण २५० वेळा सुरू झालेली असते. ऑइल दर वेळी नीट तापते, पाणी आणि पेट्रोल उडून जाते.

आता केवळ किलोमीटर मोजले तर काय होईल? पहिल्या गाडीला १०,००० किलोमीटर व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ती २,५०० वेळा थंड अवस्थेत सुरू झालेली असेल. कमी चाललेली म्हणून मालक तिला ‘नवी’ समजेल. वास्तविक तिचे ऑइल दुसऱ्या गाडीच्या ऑइलपेक्षा कितीतरी हलाखीत असेल. उलट केवळ महिने मोजले तर दुसरी गाडी एका वर्षात २४,००० किलोमीटर त्याच ऑइलवर धावेल. तेही चूकच.

म्हणूनच पुस्तिकेत दोन आकडे असतात आणि त्यांच्यामध्ये ‘यांपैकी जे आधी’ हे तीन शब्द असतात. लोक आकडे वाचतात आणि नेमके हे तीन शब्द गाळतात. भारतातील बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांसाठी हा आकडा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा आहे, काहींसाठी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. आपट्यातील पहिल्या गाडीसाठी वर्ष आधी येते, दुसरीसाठी किलोमीटर.

पुस्तिकेत आणखी एक तक्ता असतो. तो मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतो आणि त्याचे शीर्षक ‘कठीण परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचे असते. त्यात वारंवार छोटे प्रवास, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, धुळीचे रस्ते, घाट, जड ओझे, टॅक्सीचा वापर अशा गोष्टी येतात. ‘छोटा प्रवास’ म्हणजे किती, तेही काही पुस्तिका स्पष्ट सांगतात: आठ किलोमीटरपेक्षा कमी. अशा वापरात ऑइल बदलण्याचे अंतर अनेक कंपन्या निम्म्यावर आणतात. आपल्याकडचा ‘नेहमीचा’ वापर बरेचदा कंपनीच्या भाषेत ‘कठीण’ असतो. रोज दगडखाणीच्या किंवा रस्त्याच्या कामाच्या धुळीतून जाणारी, ट्रकांच्या रांगेत तासभर उभी राहणारी गाडी या तक्त्यात बसते.

पाच हजारांचा आकडा कुठून आला?

गॅरेजचा कागद लबाड आहे असे नाही. तो जुना आहे. पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात इंजिनाला कार्ब्युरेटर होता. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली की भरपूर कच्चे पेट्रोल आत जात असे आणि त्यातील काही ऑइलमध्ये उतरत असे. धातूकाम आजच्याइतके अचूक नव्हते, खनिज तेलातील पूरक रसायने साधी होती, इंधनात गंधक जास्त होते. त्या गाड्यांना तीन ते पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलणे गरजेचे होते. ज्या मेकॅनिकने त्या गाड्यांवर हात बसवला, त्याने तो नियम पुढच्या पिढीला दिला.

आता इंजिने बदलली आहेत. इंधन संगणकाच्या हिशेबाने फवारले जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. गंधक कमी म्हणजे आम्ल कमी, म्हणजे ते शमवण्याचे ऑइलमधील रसायन अधिक काळ पुरते. सिंथेटिक ऑइल उष्णतेला अधिक काळ टिकते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, त्यांच्या वेळचा नियम मात्र काचेवर चिकटून राहिला.

रंगावरून निदान नको

काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल, हा सर्वात पक्का गैरसमज. मळ धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. ते काळे झाले म्हणजे काजळी इंजिनाला न चिकटता ऑइलमध्ये आली. डिझेल गाडीत नवे ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळे होते, तरी त्याचे बहुतेक आयुष्य शिल्लक असते.

याची उलट बाजू सीएनजी गाडीत दिसते. गॅस जळताना काजळी जवळजवळ होत नाही, द्रव इंधन ऑइलमध्ये मिसळत नाही. त्यामुळे ऑइल बरेच दिवस मधासारखे स्वच्छ दिसते. पण गॅसचे ज्वलन इंजिनाचे काही भाग अधिक तापवते आणि ऑइलचे ऑक्सिडीकरण होतच राहते. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलवर भरवसा ठेवून मुदत लांबवणारे सीएनजी मालक त्यामुळे फसतात.

रंगावरून निदान करता येत नाही, पण काही खुणा मात्र गंभीर असतात. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले असण्याची शक्यता असते. गाडी लगेच दाखवावी. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट साय जमली तर बहुधा छोट्या प्रवासांमुळे पाणी साचत आहे. ऑइलला पेट्रोलचा ठळक वास येत असेल तर ते पातळ होत आहे. आणि बोटांमध्ये वाळूसारखे खरखरीत काही लागले तर ते तपासायलाच हवे. मात्र ही परीक्षा करताना हातमोजे घालावेत, त्याचे कारण पुढे येईल.

ऑइलची खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या ऑइलचे नमुने घेऊन त्यातील धातूंचे प्रमाण मोजण्याची पद्धत अनेक वर्षांपासून आहे. लोह वाढले तर सिलिंडर किंवा रिंगा झिजत आहेत, तांबे किंवा शिसे वाढले तर बेअरिंग, सिलिकॉन वाढले तर धूळ शिरते आहे. रक्ततपासणीवरून यकृत की मूत्रपिंड हे कळावे, तसेच हे आहे. तीन-चार लिटर ऑइल असलेल्या घरगुती गाडीला ही तपासणी परवडत नाही, म्हणून तिच्यासाठी मुदत ठरवलेली असते.

डिझेल आणि हायब्रिड

बीएस-६ डिझेल गाडीच्या मालकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. या गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जादा डिझेल फवारून त्याला तापवते आणि साचलेली काजळी जाळते. यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया अर्धवट तुटते आणि फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत राहते. परिणामी डिपस्टिकवरची पातळी कमी न होता वाढू लागते. ‘ऑइल वाढले’ म्हणून आनंद मानण्यासारखे यात काही नाही. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली तर किलोमीटर कितीही झाले असोत, ऑइल बदलावे लागते. अशा गाडीला पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑइलच लागते. चुकीचे ऑइल घातले तर त्याची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जाळून काढता येत नाही.

हायब्रिड गाडीत इंजिन मधूनमधून बंद असते, त्यामुळे ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. तिथे किलोमीटरपेक्षा महिन्यांचा आकडा महत्त्वाचा ठरतो. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन ऑइलच नसते.

पातळ ऑइलची भीती

नव्या गाडीच्या पुस्तिकेत ‘०डब्ल्यू-२०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ असे आकडे असतात. पहिला आकडा थंड असताना ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. कोकणात बर्फ पडत नाही, मग इतके पातळ ऑइल कशाला, असा प्रश्न विचारला जातो आणि काही जण परस्पर दाट ऑइल घालून घेतात. पण गाडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरच्या भागांपर्यंत पोहोचायचे असते. आपट्याच्या सकाळीही इंजिन त्याच्या कामाच्या तापमानापेक्षा साठ-सत्तर अंशांनी थंडच असते. नव्या इंजिनातील फटी, पंप आणि वाहिन्या याच पातळ ऑइलचा हिशेब करून बनवलेल्या असतात. दाट ऑइल घातल्याने इंजिन ‘मजबूत’ होत नाही.

स्क्रीनवरचा संदेश

काही गाड्या ‘ऑइल बदला’ असा संदेश देतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सने अशी यंत्रणा आणली. तिच्यात इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचे उरलेले आयुष्य काढले जात असे. म्हणजे गाडीची दिनचर्याच मोजली जात असे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांतील संदेश मात्र एवढा हुशार नसतो. तो फक्त किलोमीटर आणि दिवस उलटे मोजतो, आणि मागच्या वेळी सर्व्हिस सेंटरने तो पुन्हा शून्यावर आणला नसेल तर चुकीच्या दिवशी उगवतो. कोणत्याही गाडीत हा संदेश आठवण म्हणून घ्यावा.

लाल रंगाचा, तेलाच्या झारीसारखा दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो ऑइलचा दाब पडल्याचे सांगतो. चालत्या गाडीत तो लागला तर ‘घर जवळच आहे’ असा विचार न करता, सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करायचे असते. अशा वेळी काही मिनिटांतही इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

मग ठरवायचे कसे?

सर्वप्रथम पुस्तिकेतील दोन्ही आकडे पाहावेत आणि आधी येणारा पाळावा. त्यानंतर ‘कठीण परिस्थिती’चा तक्ता वाचून आपला रोजचा प्रवास त्यात बसतो का, हे प्रामाणिकपणे ठरवावे. बसत असेल तर कमी केलेली मुदत पाळावी. बसत नसेल तर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलण्याचे कारण नाही. नव्या गाडीच्या १,००० किलोमीटरच्या पहिल्या मोफत सर्व्हिसला बहुतेक ठिकाणी केवळ तपासणी होते. ‘ऑइल बदललेच नाही’ म्हणून घाबरू नये.

महिन्यातून एकदा पातळी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहायची असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. थोड्या जुन्या पण पुरेशा ऑइलपेक्षा नव्या पण अपुऱ्या ऑइलने इंजिनाचे नुकसान लवकर होते.

छोटे प्रवास टाळता येत नसतील तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. साचलेले पाणी उडते, डिझेल गाडीचा फिल्टरही साफ होतो. अंगणात गाडी नुसती सुरू ठेवल्याने हे साधत नाही, ऑइल तेवढे तापतच नाही. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस गुंगीत जाऊन दगावतो.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवून ‘बघू या सुरू होते का’ म्हणत तपासू नये. पाणी आत शिरले असेल तर त्या एका प्रयत्नात इंजिन तुटू शकते. अशी गाडी ओढून न्यावी आणि ऑइल, फिल्टर तपासून बदलूनच सुरू करावी.

ऑइल बदलताना फिल्टरही बदलावा. ऑइल पुस्तिकेतल्याच दर्जाचे, सीलबंद असावे. रिकामा डबा कापून टाकावा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकता येणार नाही. बिल आणि नोंद जपून ठेवावी, वॉरंटीच्या काळात तोच पुरावा असतो.

लवकर बदलले तर बिघडले कुठे?

‘लवकर बदलले तर गाडीचे भलेच होते,’ असे म्हटले जाते. भले फारसे होत नाही आणि बिघडते ते गाडीबाहेर.

१७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो, असे दाखवून दिले. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचे हे पहिले ठळक वर्णन. पुढे इंग्लंडच्या लँकेशायरमधील सूतगिरण्यांत, यंत्रांच्या तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांमध्ये तसाच कर्करोग आढळला. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था प्रक्रिया न केलेल्या किंवा जुजबी प्रक्रिया केलेल्या खनिज तेलांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. डब्यातील नवे इंजिन ऑइल चांगले शुद्ध केलेले असते, पण इंजिनात फिरताना त्यात ज्वलनातून आलेली, काजळीतल्यासारखीच कर्करोगकारक संयुगे साठत जातात. पेट्रोल इंजिनाच्या वापरलेल्या ऑइलने प्रयोगशाळेतील उंदरांच्या त्वचेवर गाठी झाल्याचे दिसले आहे.

एखाद्या वेळी हाताला ऑइल लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धोका रोजच्या, वर्षानुवर्षांच्या संपर्काचा आहे, आणि तो गाडीच्या मालकाला नसून गॅरेजमधल्या मुलाला आहे. सोळा-सतराव्या वर्षी हा मुलगा उघड्या हातांनी ड्रेन बोल्ट काढू लागतो, ऑइलने भिजलेला फडका खिशात कोंबतो आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतो. त्याच्या हातांना भेगा, इसब, मनगटापासून कोपरापर्यंत आणि मांड्यांवर पुरळ ही सुरुवात असते. पेट्रोल त्वचेचा नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकते आणि तेलातील घटकांना आत जायला वाट करून देते. नायट्राइलचे हातमोजे, साबण-पाणी, बदललेला फडका आणि रोज धुतलेले कपडे एवढ्याने बराच धोका टळतो. बरी न होणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावी. आणि जुने ऑइल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये, घरातील लहान मूल ते तोंडाला लावू शकते.

गावात या जळक्या ऑइलला अनेक उपयोग सापडतात. वाळवीसाठी ते लाकडाला फासतात, जनावरांच्या जखमेवर लावतात, शेगडी पेटवायला वापरतात, डास मरावेत म्हणून डबक्यात ओततात. यातील प्रत्येक उपयोगात ते माणसाच्या त्वचेवर, श्वासात किंवा पाण्यात जाते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की हवेतील ऑक्सिजन पाण्यात विरघळणे अवघड होते, आणि त्यातील घातक घटक गाळात व माशांत उतरतात. एका गाडीतून एका वेळी काढलेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा इशारा आहे. पाताळगंगेसारख्या ज्या नदीतून कारखाने आणि वस्त्या पाणी उचलतात, तिच्या काठच्या गावात गटारात ओतलेला एक डबाही किरकोळ नसतो.

भारतात वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला जाण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. नीट गोळा केले तर या ऑइलपासून पुन्हा चांगले मूळ तेल बनवता येते. ग्राहकाने गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारावा: ‘काढलेले ऑइल कुठे जाते?’ जिथे ते झाकलेल्या पिंपात साठवले जाते, नोंदणीकृत माणूस घेऊन जातो आणि मुलांच्या हातात मोजे असतात, ते गॅरेज थोडे दूर असले तरी चालेल.

औषधाची मात्रा जशी रोग्याचे वय, वजन आणि राहणी पाहून ठरते, तशीच ऑइलची मुदत. वर्षाला २,४०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीने वर्ष ओलांडू नये, आणि छोटे प्रवासच तिचा नेम असेल तर कंपनीने सांगितलेली निम्मी मुदत पाळावी. महामार्गावर सुरळीत धावणाऱ्या गाडीला १०,००० किलोमीटरपर्यंत निर्धास्त जाऊ द्यावे. तिचे ऑइल ५,००० ला काढले तर वर्षाकाठी ते दुप्पट वेळा काढावे लागेल, आणि प्रत्येक खेपेला कुणाचे तरी हात काळे होतील.